झाडीपट्टीतला परदेश

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव आणि प्रतापगड या गावांलगत तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ साली वसली. कागदोपत्री तिचे नाव नोर्ग्येलिंग. तालुक्यात तिला सरसकट ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. महाराष्ट्रात तिबेट्यांची अशी दुसरी वसाहत नाही. त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर, संजयनगर ही गावे आहेत. तिथली वस्ती पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची आहे. परदेशात राहणाऱ्या माणसांचे घर आणि त्यांची ओळख हा विषय निघाला की मराठी वाचकाला न्यू जर्सी, लंडन नाही तर दुबई आठवते. अर्जुनी मोरगावात हा विषय उलट बाजूने पाहता येतो. इथे परदेश म्हणजे महाराष्ट्र, आणि त्यात दोन समाजांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या.

मुळात हा मुलूखही पुण्या-मुंबईच्या वाचकाला फारसा ओळखीचा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत पसरलेल्या या झाडीपट्टीची बोली वेगळी आहे, रंगभूमी वेगळी आहे आणि शेती मुख्यतः धानाची आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर ती पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली. नवेगावबांधचा तलाव त्यांतला सर्वांत नावाजलेला. गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण १९७० साली पूर्ण झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी तिबेटी कुटुंबे इथे आली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. तिबेटी व्यवहारात मात्र वसाहतीचे जुने नाव अजून चालते. धरमशाला असो की टोरांटो, तिथल्या तिबेट्यांना ही वसाहत ‘भंडारा’ म्हणूनच ठाऊक आहे. जिल्ह्याचे विभाजन त्यांच्या बोलण्यात झालेलेच नाही.

ही माणसे इथवर पोचली त्याला तेरा वर्षे लागली. १९५० साली चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले. २३ मे १९५१ रोजी बीजिंगमध्ये तिबेट आणि चीन यांच्यात सतरा कलमी करार झाला. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला, १७ मार्चच्या रात्री चौदावे दलाई लामा तेन्झिन ग्यात्सो राजधानीतून निसटले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारतात आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार माणसे सीमा ओलांडून आली. आसामात मिसामारीला आणि बंगालात बक्सा इथे तात्पुरत्या छावण्या उघडल्या गेल्या. धडधाकट स्त्री-पुरुषांना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर पाठवण्यात आले. दगड फोडणे, दरडीखाली सापडणे, तंबूत मुले वाढवणे हा त्या वर्षांचा दिनक्रम होता. अशा स्थितीत समाज विखरून संपेल, हे दलाई लामा आणि नेहरू दोघांनाही दिसत होते. म्हणून राज्यांकडे जमीन मागण्यात आली. म्हैसूर राज्याने पुढाकार घेतला आणि १९६० साली बायलकुप्पे वसले. पुढे मैनपाट, ओडिशातले चंद्रगिरी आणि १९६६ साली मुंडगोड झाले. महाराष्ट्राची पाळी १९७२ साली आली.

मैनपाट आणि चंद्रगिरी निदान उंचावर आहेत. ल्हासाची उंची ३,६५० मीटरच्या आसपास. अर्जुनी मोरगावची जेमतेम अडीच-तीनशे. विदर्भातला मे महिना इथल्या जन्मजात माणसालाही सोसत नाही. जव पिकवणाऱ्या आणि याक राखणाऱ्या लोकांना इथे चिखलात रोवणी करायला शिकावे लागले. पाऊस मृगात येतो की लांबतो, बांध कुठे फुटतो, तुडतुडा कधी लागतो हे सगळे ज्ञान शेजारच्या गावांकडूनच घ्यायचे होते. मिळालेली जमीन सरकारची, वहिवाट यांची. जमीन कसायला मिळाली म्हणून ती आपली झाली, असे पहिल्या पिढीने कधी मानले नाही. परत जायचेच आहे ही खात्री एवढी पक्की होती, की पक्के घर बांधणे हाच अनेकांना आशा सोडल्यासारखा प्रकार वाटे.

धानाच्या एका हंगामावर घर चालत नाही. ही अडचण झाडीपट्टीतल्या प्रत्येक लहान शेतकऱ्याची आहे. गावचा मजूर हंगाम संपला की कामासाठी बाहेर पडतो. तिबेट्यांनी स्वेटरचा धंदा धरला. भारतभरच्या तिबेटी वसाहतींतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे निघतात, लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून बराचसा माल उधारीवर उचलतात आणि शहराशहरांत तीन-चार महिने तात्पुरते बाजार मांडतात. नागपूरचा ‘तिबेटी बाजार’ त्यांतलाच. ग्राहकाला वाटते की ही लोकर हिमालयातून आली. ती येते पंजाबातल्या गिरण्यांतून. या धंद्यात पैसा आहे, पण वसाहतीचे वेळापत्रक त्याने उलटेपालटे केले. कापणी-मळणीच्या वेळीच कर्ती माणसे बाहेर असतात. त्यामुळे अनेक तिबेटी वसाहतींत शेती आसपासच्या शेतकऱ्यांना बटईने देण्याची रीत पडली. घर सांभाळायला म्हातारी माणसे आणि लहान मुले मागे राहतात.

तरीही या वसाहती टिकल्या. त्या केवळ आठवणींच्या बळावर टिकल्या असे म्हणणे सोपे आहे, पण खरे कारण रोखठोक आहे: त्यांच्यामागे व्यवस्था होती. प्रत्येक वसाहतीवर धरमशालेच्या केंद्रीय तिबेटी प्रशासनाने नेमलेला वसाहत अधिकारी असतो. जमीन, भांडणे, दाखले, सरकारशी पत्रव्यवहार हे सगळे त्याच्याकडे. सहकारी संस्था असते, दवाखाना असतो, गोम्पा म्हणजे बौद्ध मठ असतो. मुलांसाठी भारत सरकारने १९६१ साली केंद्रीय तिबेटी शाळांचे स्वतंत्र प्रशासन स्थापले आणि या शाळांत तिबेटी भाषा व इतिहास शिकवला जाऊ लागला. प्रौढ तिबेट्याकडे ‘हिरवे पुस्तक’ असते. दरवर्षी ठरलेली वर्गणी भरली की त्यात नोंद होते. ही वर्गणी ऐच्छिक आहे आणि तिची वसुली करायला पोलीस नाहीत, तरी लोक भरतात. कारण निर्वासित संसदेच्या निवडणुकीत मत द्यायचे तर हे पुस्तक चालू असावे लागते. पंचेचाळीस सदस्यांची ती संसद, थेट निवडून येणारा सिक्योंग हा प्रमुख, त्यासाठी देशोदेशी होणारे मतदान: ज्या देशाला एक इंचही भूमी नाही, त्याचा हा कारभार गोठणगावच्या वसाहतीपर्यंत पोचतो. २०११ साली दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार सोडले, तेव्हा हा कारभार पूर्णपणे निवडून आलेल्यांकडे गेला. परदेशी गेलेल्या इतर कोणत्याही समाजाने आपल्या ओळखीसाठी एवढे मोठे यंत्र उभारलेले क्वचितच आढळेल.

घरात ही ओळख साध्या गोष्टींतून वावरते. वडील ‘पा-ला’, आई ‘आमा-ला’. नावाला ‘ला’ जोडल्याशिवाय वडीलधाऱ्याला हाक मारणे उद्धटपणाचे. नावे बहुधा दलाई लामांकडून किंवा एखाद्या लामाकडून घेतली जातात आणि दलाई लामांचे स्वतःचे नाव तेन्झिन असल्यामुळे एकेका वर्गात मुलगे-मुली मिळून पाच-सात तेन्झिन निघतात. बहुतेकांना आडनाव नसते. भारतातला प्रत्येक अर्ज आडनाव मागतो, त्यामुळे दोन नावांतले दुसरे त्या रकान्यात जाते आणि सख्ख्या भावंडांची आडनावे वेगळी पडतात. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ, आपल्या सातूच्या पिठाचे सख्खे भावंड. धानाच्या मुलखात जव बाहेरून आणावे लागते, म्हणून रोजच्या ताटात भात आला आणि त्साम्पा सणाला, पूजेला, म्हाताऱ्यांच्या न्याहारीला उरला. लोण्या-मिठाचा चहाही विदर्भाच्या उन्हाळ्यात कमी होतो. विवाहित स्त्रीचा पांगदेन, म्हणजे रंगीत पट्ट्यांचा एप्रन, मात्र टिकला. अंगातला ‘छुपा’ हा झगा सुटसुटीत, पातळ कापडाचा झाला एवढेच.

वर्षाचा क्रम सणांनी बांधलेला आहे. १० मार्चला ल्हासाच्या उठावाची आठवण, ६ जुलैला दलाई लामांचा वाढदिवस, वैशाखाच्या आगेमागे सागा दावा हा बुद्धाच्या स्मरणाचा महिना. सर्वांत मोठा सण लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष. त्याच्या आधी वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या एकोणतिसाव्या दिवशी गुथुक हे नऊ जिनसांचे सार करतात. त्यातल्या कणकेच्या गोळ्यांत मिरची, मीठ, लोकर, कोळसा असे काहीबाही दडवलेले असते. ज्याच्या वाट्याला कोळसा येईल त्याचे मन काळे, मिरची येईल तो बडबड्या. घरभर चेष्टा चालते. मग घर झाडून जुन्या वर्षाची इडापिडा बाहेर टाकायची आणि लोसारला खाप्से तळायचे.

तिबेटी पंचांगही आपल्यासारखेच चांद्र-सौर आहे. त्यामुळे लोसार पुष्कळदा माघी अमावास्येला लागून येतो आणि महाशिवरात्र त्याच आठवड्यात असते. २०२२ साली शिवरात्र १ मार्चला होती, लोसार ३ मार्चला. २०२३ मध्ये १८ आणि २१ फेब्रुवारी, २०२५ मध्ये २६ आणि २८ फेब्रुवारी. प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते आणि तिथे दर्ग्यावरही गर्दी होते. हर हर महादेवचा गजर, दर्ग्याची चादर आणि तिबेट्यांच्या नव्या पताका हे सारे दोन-तीन दिवसांत, एकाच परिसरात येते. अधिक महिना वेगळ्या वेळी पडला की हे गणित चुकते. २०२४ साली लोसार १० फेब्रुवारीला झाला आणि शिवरात्र ८ मार्चला.

धर्माच्या बाबतीत विदर्भ तिबेट्यांना परका वाटू नये असा प्रदेश आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच वर्षी बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त तरुण दलाई लामा भारतात आले होते. गोंदिया-भंडाऱ्याच्या गावोगावी पंचशील ध्वज आणि बुद्धविहार आहेत. पण दोन्हींतला बुद्ध एक असला तरी वाट वेगळी आहे. नवबौद्धांच्या विहारात कर्मकांड, अवतार, पुनर्जन्म यांना जागा नाही. तिबेटी परंपरा लामांच्या पुनर्जन्मावर उभी आहे; २ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी आपल्यानंतरही ही संस्था चालू राहील असे जाहीर केले, तो सगळा विषयच पुनर्जन्माचा. आपुलकी दोन्हीकडे आहे, एकरूपता नाही, आणि ती मुद्दाम ओढून आणण्याचे कारणही दिसत नाही.

जुने जसेच्या तसे जपले गेले, हा समज मात्र सोडून द्यावा लागतो. १९५९ पूर्वी तिबेटातला माणूस स्वतःला खाम्पा, आम्दोवा किंवा ऊ-त्सांगचा म्हणवत असे. बोली एकमेकांना नीट कळत नसत, वैरेही होती. एक तिबेटी भाषा, एक पाठ्यपुस्तक, सगळ्यांनी आपला मानलेला एक ध्वज, शाळेत रोज म्हणायचे एक राष्ट्रगीत हे निर्वासनात घडले. छावण्यांत सगळे प्रांत एकत्र कोंबले गेले तेव्हा ‘तिबेटी’ हा समाईक शब्द रोजच्या वापरात आला. निवडणुकीत जागा अजून प्रांतवार आहेत, म्हणजे जुनी वाटणी पुसलेली नाही. तिच्यावर नवी ओळख चढली आहे. २००८ च्या तिबेटातल्या उद्रेकानंतर सुरू झालेली ‘ल्हाकार’ चळवळ तर अगदी अलीकडची: दर बुधवारी तिबेटी बोलायचे, तिबेटी पेहराव करायचा, तिबेटी जेवण जेवायचे. हे व्रत ल्हासात राहणाऱ्या आजोबांना सुचलेही नसते, कारण त्यांचे सगळेच वार तिबेटी होते. मराठी माणसाचेही परदेशात असेच होते. नागपुरात जो वऱ्हाडी किंवा झाडीपट्टीचा असतो, पुण्यात जो कोकणस्थ किंवा देशस्थ असतो, तो अमेरिकेत पोचल्यावर ‘मराठी’ होतो. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची तिथे अधिवेशने भरतात आणि रविवारच्या शाळांत मुले बाराखडी गिरवतात. ओळख घरून नेली जाते हे खरे, पण तिचा बराच भाग मुक्कामीच शिवला जातो.

आता कागदपत्रांचा भाग. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे कायद्याच्या भाषेत तिबेटी माणूस ‘निर्वासित’ नसून परदेशी आहे. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असते, ज्याला सगळे ‘आरसी’ म्हणतात, आणि त्याचे नूतनीकरण करत राहावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी ‘ओळख प्रमाणपत्र’ हे पिवळे पुस्तक. २०१४ साली केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणले. त्यात वसाहतींची जमीन वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याची आणि सरकारी योजनांचा लाभ मिळण्याची तरतूद आहे. अंमलबजावणी ज्या त्या राज्याच्या हातात.

नागरिकत्वाचे दार मात्र बंद नाही. १९५५ च्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये नामग्याल डोलकर यांच्या प्रकरणात हे तिबेट्यांनाही लागू केले. २०१४ साली निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदारयादीत घ्यायला सांगितले, आणि २०१६ च्या आणखी एका निकालानंतर पासपोर्टचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे गोठणगावच्या वसाहतीत पहिल्या पंधरा वर्षांत जन्मलेली मुले हक्काने भारतीय आहेत. तरी अर्ज करणारे थोडे. पासपोर्ट हवा तर आरसी परत करावी लागते, वसाहतीत मिळणाऱ्या सवलती सोडाव्या लागतात, या अटींवरून वाद झाला. पण अटी हे अर्धेच कारण. आरसी टाकून दिली तर तिबेटचा दावा आपणच सोडला असे होईल, असे मानणारे अजून पुष्कळ आहेत. बिनदेशाचे राहणे ही गैरसोय त्यांनी भूमिका म्हणून स्वीकारली. याचा खर्च भारतीय कायद्याने नव्हे, त्यांच्या मुलांनी भरला: सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, परदेशी विमानतळावर दोन तास जास्त.

बंगाली गावांची कथा इथे नेमकी दुसरीकडे वळते. पूर्व पाकिस्तानातून, विशेषतः १९६४ च्या दंगलींनंतर, आलेल्यांना रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवले गेले आणि तिथून पुढे पाठवले गेले. काही १९५८ साली सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पात गेले, काही महाराष्ट्राच्या चंद्रपूर-भंडारा पट्ट्यात. धान, तळे आणि मासे या तिन्ही गोष्टी त्यांना जन्मापासून ठाऊक होत्या, त्यामुळे झाडीपट्टी त्यांना तिबेट्यांइतकी अनोळखी नव्हती. परतीचा विचारही नव्हता. पूर्व बंगालात जायला काही उरले नव्हते. पश्चिम बंगालात जाण्याची ओढ मात्र होती. दंडकारण्यातून १९७८ साली हजारो कुटुंबे सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेली आणि मे १९७९ पर्यंत तिथून बळाने हुसकावली गेली. आपल्या भाषेच्या प्रदेशात घर मिळेल, हा भरवसा तिथे संपला.

यांना धरमशाला नाही, हिरवे पुस्तक नाही, वसाहत अधिकारी नाही. आहे ती मतदारयादी, ग्रामपंचायत आणि मराठी शाळा. दुर्गापूजा होते, मनसादेवीची पूजा होते, घरात बंगाली बोलतात, बाजारात मराठी. यांतले बरेचजण नमशूद्र समाजाचे. हा समाज पश्चिम बंगालात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे सीमा ओलांडून आलेल्या जातीचा दाखला इथे मिळत नाही, आणि ही इथल्या बंगाल्यांची जुनी मागणी आहे. इतिहासाची गंमत अशी, की १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते बंगालमधून, नमशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातही दोघांचे रस्ते वेगळे: पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांनाच तो लागू आहे, तिबेट त्यात नाही.

दोन्ही वाटांची किंमत आज मोजता येते. बंगाली गावे भरलेली आहेत, पण तिसऱ्या पिढीला बंगाली लिपी वाचायला शिकवणारी भक्कम यंत्रणा नाही. तिबेटी वसाहतीत यंत्रणा भक्कम आहे आणि माणसे कमी होत आहेत. २००९ च्या तिबेटी जनगणनेत तिबेटाबाहेर १,२७,९३५ तिबेटी होते, त्यांपैकी ९४,२०३ भारतात. त्यानंतर भारतातला आकडा उतरतच गेला. १९९० च्या कायद्याने अमेरिकेने एक हजार तिबेट्यांना व्हिसा दिला, त्यांनी कुटुंबे बोलावली आणि न्यूयॉर्कमधले जॅक्सन हाइट्स, टोरांटोतले पार्कडेल इथे नव्या वस्त्या झाल्या. २००८ नंतर चीनने सीमा आवळल्यामुळे तिबेटातून नवी माणसे येणे जवळपास थांबले. भारतात शिकलेली मुले बंगळुरू-दिल्लीला जातात, तिथून पुढे. शाळांत पट भरत नाही म्हणून काही शाळा एकत्र कराव्या लागल्या. जे बाहेर गेले त्यांच्यासाठी घर म्हणजे काय, याचे उत्तर आता ल्हासा एवढेच राहिलेले नाही. ल्हासा त्यांनी पाहिलेले नाही. पार्कडेलमध्ये एकमेकांची ओळख करून देताना तिबेटी माणूस आधी आपली वसाहत सांगतो: बायलकुप्पे, मुंडगोड, भंडारा. आजीला जो परदेश होता तो नातवाचे गाव झाला.

नवेगावबांधला पक्षी पाहायला येणारे नागपूरकर हिवाळ्यात वाट वाकडी करून तिबेटी कॅम्पवरही जातात आणि बंद घरे पाहून परततात. त्या दिवसांत तिथली बरीच माणसे शहरांत स्वेटर विकत असतात, कदाचित नागपुरातच. ज्यांना माणसांशी बोलायचे असेल त्यांनी तिबेटी पंचांग पाहून लोसारला जावे, गोम्पात जोडे काढून शिरावे आणि फोटो विचारून काढावा. आणि वेळ काढून परतीच्या वाटेवर अरुणनगरलाही थांबावे. पर्यटनाच्या पाट्यांवर त्या गावाचे नाव नसते.